सरांच्या नावाचा कप्पा

मंगळवारची सकाळ. जीवरसायनशास्त्र विभागात दर मंगळवारी सकाळी जे चालायचं तेच चाललं होतं. मामा काचसामान आम्लाच्या टबातून काढून नळाखाली विसळत होते, जिन्यात कुणीतरी किल्ल्या हरवल्या म्हणून दिसेल त्याच्यावर डाफरत होतं, आणि कॉरिडॉरच्या टोकाला कोल्ड रूममध्ये वहिनी स्टुलावर बसल्या होत्या. कोल्ड रूम म्हणजे अख्खी खोलीच फ्रिजसारखी, आत चार अंशांची थंडी. वहिनींच्या अंगात सरांचा जुना स्वेटर होता, बाह्या दुमडलेला, कोपरांना विरलेला. समोर हातभर उंचीची काचेची नळी उभी होती आणि तिच्या खालच्या टोकातून थेंब थेंब गळत होता. दर चार मिनिटांनी खालची टेस्ट ट्यूब काढायची, दुसरी लावायची, काढलेलीवर आकडा घालायचा. सातपासून हेच चाललं होतं. अठ्ठावन्न ट्यूब झाल्या होत्या.

"वहिनी, बाहेर या जरा. बोटं निळी पडलीत," मामा दार किलकिलं करून म्हणाले. "चहा निवतोय."

"साठ होऊ देत हो मामा. आत्ता उठले तर नेमकी एन्झाइमचीच ट्यूब निसटायची."

आता ह्या वहिनी कुणाच्या, असं तुम्ही विचाराल. खरं सांगायचं तर त्या कुणाच्याच वहिनी नव्हत्या. सर आईबापांना एकुलते एक. त्यांना ना भाऊ ना बहीण. तरी त्यांच्या बायकोला सगळं विद्यापीठ वहिनी म्हणायचं. कुलगुरू म्हणायचे, कारकून म्हणायचे, कालपरवा आलेली मुलंही म्हणायची. बाईंची पीएच.डी. सरांच्या आधी सहा महिने झालेली, पण त्या इमारतीतलं कुणी त्यांना डॉक्टर म्हणत नसे. विभागात नात्यानं हाक मारली जाणारी माणसं तीनच होती: भांडी धुणारे मामा, फरशी पुसणाऱ्या मावशी आणि ह्या वहिनी. बाकी सगळे सर, मॅडम, डॉक्टर. ज्याला हुद्दा द्यायचा नाही त्याला नातं द्यायचं, असा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण पाळायचे सगळे, आणि तेही अगदी प्रेमानं.

लिहिलेला नियम दुसराच होता. सव्वीस वर्षांपूर्वी विभागात दोन जागा निघाल्या, दोघा नवराबायकोंनी अर्ज केले आणि मुलाखतीत दोघंही निवडले गेले. बायको पहिली, नवरा दुसरा. मग कुलसचिवांनी दोघांना बोलावून खुर्च्या दिल्या आणि एका घरातली दोन माणसं एका विभागात नोकरीला ठेवता येत नाहीत हे कलम वाचून दाखवलं. "आणि बिघडलं कुठं?" ते हसून म्हणाले. "ज्ञान घरातल्या घरातच राहतंय." घरी आल्यावर सर म्हणाले, तू म्हणशील तसं. आता तू म्हणशील तसं म्हटल्यावर ती काय म्हणणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. जागा सरांना मिळाली. बाईंना 'मानद संशोधक' असं एक पत्र मिळालं. मानद म्हणजे पगार नाही, खोली नाही, ओळखपत्र नाही, हजेरीपटावर नाव नाही. मान तेवढा शब्दात होता.

सर वाईट नव्हते हो. वाईट असते तर ही गोष्ट सोपी झाली असती. नाकासमोर चालणारा, हळू बोलणारा माणूस. बायकोच्या हाताला काय येतं ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण लेख छापायची वेळ आली की पदावर असलेल्यांचीच नावं घालायची, असा विभागाचा शिरस्ता. मग वहिनींचं नाव जायचं शेवटी, आभारांत. "प्रयोगांत मोलाचे साहाय्य केल्याबद्दल पत्नीचे आभार." असे एक्केचाळीस लेख. दर वेळी सर म्हणायचे, पुढच्या खेपेला काहीतरी करतो. आणि दर वेळी वहिनी म्हणायच्या, राहू द्या हो, त्यानं काय एन्झाइम जास्त शुद्ध होणार आहे?

साठावी ट्यूब झाली. वहिनी बाहेर आल्या, गार चहा तसाच प्यायल्या आणि निवडलेल्या ट्यूब घेऊन डीप फ्रीजरपाशी गेल्या. उणे ऐंशी अंशांचा हा फ्रीजर सगळ्या विभागात एकच. त्याचे कप्पे प्राध्यापकांना वाटून दिलेले, आणि ज्या ट्यूबवर कप्प्याच्या मालकाची अद्याक्षरं नसतील ती वर्षाच्या सफाईत फेकली जायची. मानद माणसाला कप्पा नसतो. म्हणून वहिनी प्रत्येक ट्यूबवर, आपल्या बारीक गोल अक्षरात, न चुकता सरांची अद्याक्षरं घालायच्या. तिसरा कप्पा, नऊ खोकी, आठ वर्षांचं काम. सगळं सरांच्या नावावर, कारण तरच ते सुरक्षित.

अकराच्या सुमाराला परगावचे दोन पाहुणे आले. विभागप्रमुख त्यांना सगळं दाखवत होते. हे विभागप्रमुख म्हणजे सरांचे पहिले विद्यार्थी. पिपेट कसं धरायचं ते त्यांना वहिनींनीच शिकवलेलं. "आणि ह्या आमच्या वहिनी," ते कौतुकानं म्हणाले. पाहुण्यांनी हात जोडले आणि त्यांतल्या एकानं अदबीनं सांगितलं, "वहिनी, माझा चहा बिनसाखरेचा बरं का." वहिनींनी मान डोलावली, मामांना चहा सांगितला. मग सरांच्या खोलीत पाहुण्यांनी एन्झाइमबद्दल एक अवघड प्रश्न विचारला तेव्हा सरांनी दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. वहिनींनी चहाच्या ट्रेबरोबर एक चिठ्ठी आत धाडली. सरांनी ती वाचून उत्तर दिलं. पाहुणे खूश झाले. मामांनी हे सगळं पाहिलं आणि रिकामे कप जरा जास्तच जोरात टबात ठेवले.

त्याच दुपारी शिवणवाली आली. दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत कपडे शिवणारी ही बाई. तीन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या कडेवर आठ महिन्यांची मुलगी होती. जन्मली तेव्हा गुटगुटीत, सगळ्यांकडे बघून हसणारी. सहाव्या महिन्यात तिला झोप येऊ लागली. दूध पिताना झोपे, हाक मारली तरी झोपे, अंगाला एक आंबूस वास येई. मुलांच्या रुग्णालयानं हात टेकले आणि कुणीतरी सांगितलं, विद्यापीठात एक बाई आहेत त्यांना दाखवा. वहिनींनी आठ वर्षांत अशी अकरा मुलं पाहिली होती. दुधातला एक घटक पचवणारं एन्झाइम ह्या मुलांच्या शरीरात नासकं तयार होतं, आणि न पचलेलं विष हळूहळू मेंदूत साठत जातं, हे त्यांनीच शोधून काढलं होतं. अकरातली सात मुलं गेली. शिवणवालीची मुलगी चौदा महिन्यांची होऊन गेली. जायच्या आधी तिच्या दंडावरची मसुराएवढी कातडी वहिनींनी काढून घेतली होती. त्या पेशी वाढवून, गोठवून, सातव्या खोक्यात ठेवल्या होत्या. "मुलगी राहिली नाही तरी हे ठेवाल ना तुम्ही?" आईनं विचारलं होतं, आणि वहिनी म्हणाल्या होत्या, "ठेवीन. माझ्या जिवापलीकडे ठेवीन."

आता शिवणवालीला पुन्हा पाचवा महिना होता.

"ह्या वेळी कळेल ना हो डॉक्टर?" ती स्टुलावर टेकत म्हणाली. ती एकटीच त्यांना डॉक्टर म्हणायची. तिला विभागातली रीत ठाऊक नव्हती.

"कळेल. बाळ जन्मलं की नाळेतलं रक्त लगेच मला पाठवायचं. तुझ्या मुलीच्या पेशींत एन्झाइमचा नेमका कुठला तुकडा बिघडलाय ते मी तोवर काढते. दोनतीन महिन्यांचं काम राहिलंय. मग बाळात तोच तुकडा बघायचा. बिघडलेला निघाला तर पहिल्या दिवसापासून वेगळं दूध. ते आपल्याकडे करता येतं."

"मग तेच दूध आधीपासून दिलं तर? कशाला वाट बघायची?"

"बाळ चांगलं असलं तर त्या दुधानं ते खंगेल. अंगच धरणार नाही. म्हणून आधी कळायला हवं."

शिवणवालीनं मान हलवली. जाताना तिनं पिशवीतून एक पांढरा कोट काढला. वहिनींच्याच मापाचा, घरी शिवलेला. "त्या जुन्या स्वेटरात बघवत नाही तुम्हाला," ती म्हणाली.

दोन आठवड्यांनी सर वर्ग घेता घेता फळ्यापाशीच कोसळले. अकरा दिवस रुग्णालयात होते. डावं अंग गेलं होतं, बोलणं जड झालं होतं. वहिनी उशाशी बसून असायच्या. नवव्या दिवशी दुपारी सर एकदम नीट जागे झाले आणि बायकोचं मनगट धरून म्हणाले, "अगं, लेबलं."

"कसली लेबलं?"

"फ्रीजरमधली. बदलून घे. तुझं नाव घाल."

वहिनींना बरोबर कळलं. सव्वीस वर्षांत जे बोलणं झालं नव्हतं ते हा माणूस चार शब्दांत सांगत होता. पण त्यांचा जीव चरकला. नवरा जिवंत असताना नऊ खोक्यांवरून त्याचं नाव पुसायचं? नाव पुसलं तर माणूसच पुसला जाईल, असं वाटलं त्यांना. इतकी शिकलेली बाई, रोज विष आणि आम्ल हाताळणारी, पण त्या क्षणी तिचं सगळं शास्त्र गळून पडलं. "काहीतरीच काय बोलताय," त्या म्हणाल्या. "आधी बरे व्हा. मग दोघं मिळून बदलू."

सर त्यांच्याकडे पाहत राहिले. मग डोळे मिटून घेतले. दोन दिवसांनी ते गेले.

पुढचे तीन आठवडे वहिनी घरात होत्या. माणसं येत होती, बसत होती, जात होती. विभागप्रमुख तर रोज संध्याकाळी यायचे. फळं आणायचे, औषधांची चौकशी करायचे, सरांच्या आठवणी सांगायचे. "वहिनी, विभागाची काळजी अजिबात करू नका," ते म्हणायचे. "सगळं मी बघतो." वहिनी म्हणायच्या, तुम्ही आहात म्हणून बरं.

बाविसाव्या दिवशी सकाळी त्यांनी शिवणवालीनं दिलेला कोट पिशवीत घातला आणि निघाल्या. शिवणवालीचं बाळ यायला दोन महिने उरले होते. फाटकावर पहारेकरी नवा होता. त्यानं नोंदवही पुढे सरकवली. "नाव, वेळ, कुणाला भेटायचंय."

सव्वीस वर्षांत त्यांना कुणी हे विचारलं नव्हतं. सरांबरोबर यायच्या, सरांबरोबर जायच्या. त्यांनी पेन घेतलं आणि 'कुणाला भेटायचंय' ह्या रकान्यात हाताच्या सवयीनं सरांचं नाव लिहिलं. पहारेकऱ्यानं आत फोन लावला, ऐकलं, आणि जरा चमत्कारिक नजरेनं म्हणाला, "बाई, हे सर तर आता नाहीत म्हणतात."

"हो," वहिनी म्हणाल्या. "माहीत आहे मला."

मग मामा धावत आले आणि त्यांना आत घेऊन गेले. वहिनींनी फ्रीजर उघडला. थंड वाफ बाहेर आली, विरली. तिसऱ्या कप्प्यात कोरी करकरीत निळी खोकी होती. त्यांच्यावर दुसऱ्याच कुणाची अद्याक्षरं होती.

"माझी खोकी कुठं हलवली, मामा?"

मामा खाली बघत राहिले.

"मामा."

"मागच्या सोमवारी परिपत्रक आलं," मामा म्हणाले. "वाफेच्या भट्टीत घालायला सांगितलं सगळं. मी म्हटलं, वहिनींना एक फोन करू का? तर म्हणाले, ह्या दुःखात त्यांना कशाला त्रास. मीच घातली हो. ह्याच हातांनी. अक्षर तुमचं होतं, मला दिसत होतं. पण नाव सरांचं. कागदवाले नाव बघतात, अक्षर कोण बघतो?"

वहिनींनी फ्रीजरचं दार हळूच लावलं. आत दुसऱ्या कुणाचं तरी काम होतं, ते वितळू नये म्हणून. मग त्या तिथंच फरशीवर बसल्या. मावशींनी पाणी आणलं, ते त्यांनी प्यायलं नाही.

परिपत्रक सूचनाफलकावर होतं. "दिवंगत प्राध्यापकांच्या नावे असलेले बेवारस नमुने नियमानुसार नष्ट करण्यात यावेत." खाली विभागप्रमुखांची सही.

विभागप्रमुखांना जेव्हा कळलं की त्या खोक्यांत काय होतं, तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना खरंच वाईट वाटलं, हेही सांगायला हवं. "वहिनी, मला वाटलं सरांचे जुनेच काहीतरी नमुने असतील. तुम्ही एका शब्दानं सांगायचं होतंत."

"तुम्ही रोज घरी येत होतात," वहिनी म्हणाल्या. "एका शब्दानं विचारायचं होतंत."

"पण त्या मनःस्थितीत तुम्हाला..."

"बेवारस म्हणजे काय हो? मी होते ना."

"होतात, वहिनी, कोण नाही म्हणतं? पण कागदोपत्री..." मग पुढे वाकून, अगदी आपुलकीनं म्हणाले, "झालं ते झालं. प्रयोगांच्या वह्या तर आहेत ना घरी? एकोणीस की काय त्या? त्या द्या मला. सरांचं अपुरं काम मी पुरं करतो. स्मृतिग्रंथ काढू. लेखात सरांचं नाव, माझं नाव, आणि आभारांत सगळ्यात आधी तुमचं. पुढच्या शुक्रवारी शोकसभा आहे, तिथंच तुमच्या हस्ते वह्या घेऊ. सरांना किती बरं वाटेल."

"बघते," वहिनी म्हणाल्या. सव्वीस वर्षांची सवय, तोंडातून नाही निघालंच नाही.

जिन्यात त्यांना धाकटी भेटली. सरांची शेवटची विद्यार्थिनी, विभागात वयानं सगळ्यात लहान म्हणून तिचं नावच धाकटी पडलेलं. हुशार पोरगी. समोरच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकाशी तिचं वर्षापूर्वी लग्न झालं होतं. तिच्या हातात एक पत्र होतं.

"जागा ह्यांना मिळाली, वहिनी," ती म्हणाली. हसायचा प्रयत्न करत होती. "मुलाखतीत मी वर होते, पण ते कलम आहे ना. प्रमुख म्हणाले, तुझं काम थोडंच थांबतंय? मानद म्हणून ये. म्हणाले, वहिनींकडे बघ, त्यांनी कधी तक्रार केली का?"

वहिनींनी पत्र हातात घेतलं. कागद नवा होता, मजकूर तोच. एक काना-मात्रा बदललेली नव्हती. आपण उभं आयुष्य गप्प बसलो ते आपल्यापुरतं होतं असं त्या समजत होत्या. ते असं दुसरीच्या गळ्यात बांधायला उपयोगी पडेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी पत्र परत दिलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या उतरल्या.

शिवणवालीला सांगणं भाग होतं. निरोप धाडून भागण्यासारखं नव्हतं. वहिनी दोन दिवस घरातून निघाल्या आणि वाटेतून परत आल्या. तिसऱ्या दिवशी गेल्या. एवढीशी खोली, खिडकीशी शिवणयंत्र, दोरीवर लोकांचे बिनबाह्यांचे सदरे. यंत्राशेजारी टोपलीत लहान लहान झबली करून ठेवलेली. शिवणवालीनं लगबगीनं खुर्ची पुसली. वहिनी बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि कुणाच्या माथी मारलं नाही.

शिवणवालीनं ऐकून घेतलं. ती हातातल्या झबल्याची घडी घालत होती, उलगडत होती.

"म्हणजे माझ्या मुलीचं आता काहीच नाही," ती म्हणाली.

"नाही."

"सरांच्या नावावर होतं म्हणून गेलं."

"हो."

"पण मी तर तुमच्या हातात दिलं होतं." तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. "सरांना मी कधी पाहिलंसुद्धा नाही, डॉक्टर. मी तुमच्या हातात दिलं. मग त्यावर तुमचं नाव का नव्हतं?"

काय सांगणार होत्या वहिनी? कलम सांगणार होत्या? शिरस्ता सांगणार होत्या? एक्केचाळीस लेखांचे आभार सांगणार होत्या? त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. नवरा गेला तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या. शेवटी पोटुशी बाईनंच त्यांना धरून खाली बसवलं.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर सरांचा हार घातलेला फोटो, शेजारी कुलगुरू, विभागप्रमुख. भाषणं झाली. प्रत्येकानं सरांच्या एन्झाइमबद्दल सांगितलं आणि शेवटी, त्यांच्यामागे सावलीसारख्या उभ्या असलेल्या वहिनींबद्दल दोन वाक्यं. मग विभागप्रमुख म्हणाले, "आता वहिनी सरांच्या वह्या विभागाच्या स्वाधीन करतील."

वहिनी पुढे गेल्या. हातात एकच वही होती, आणि अंगात तो घरी शिवलेला पांढरा कोट. त्यांना भाषणाची सवय नव्हती. आवाज लहान होता, म्हणून सगळ्यांना कान देऊन ऐकावं लागलं.

"ह्या वह्या सरांच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "माझ्या आहेत. पहिल्या पानापासून अक्षर माझं आहे. सर असते तर त्यांनी हेच सांगितलं असतं. सांगायला त्यांनी उशीर केला, आणि सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही. मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. माझ्याबद्दल आहे. मीच नऊ खोक्यांवर दुसऱ्याचं नाव लिहिलं. मला वाटलं, त्यानं काम वाचेल. सात गेलेल्या मुलांचं जे काही ह्या जगात शिल्लक होतं ते माझ्या त्या लिहिण्यानं भट्टीत गेलं. कुणाला दुष्टपणा करावा लागला नाही. सगळ्यांनी नियमानं केलं, आणि मला त्रास होऊ नये म्हणून केलं."

"वहिनी, आपण हे नंतर..." विभागप्रमुख उठत म्हणाले.

"मी तुमची वहिनी नाही," त्या म्हणाल्या. रागानं नाही, चूक दुरुस्त करावी तशा. "तुम्ही माझे विद्यार्थी आहात. वह्या मी देणार नाही. लेख मी लिहीन, त्यावर नाव माझं असेल. आणि ते कलम जोवर आहे तोवर ह्या विभागात मी मानद म्हणून पाऊल टाकणार नाही. माझं उदाहरण देऊन दुसऱ्या कुणाला ते पत्र देऊ नका. मी तक्रार केली नव्हती. आज करते आहे."

मागच्या रांगेतून धाकटी उठली. ती सरळ पुढे आली, पर्समधून पत्र काढलं आणि विभागप्रमुखांच्या पुढ्यात ठेवलं. "मला नको," एवढंच म्हणाली. तिचा नवरा मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. तो उठला नाही. धाकटीनं एकदा तिकडे पाहिलं आणि ती दारातून बाहेर गेली.

असं वाटेल की आता सगळं बदललं असेल. तसं काही झालं नाही. कलम रद्द करावं म्हणून एक अर्ज गेला. त्यावर अकरा सह्या होत्या, आणि पहिली मामांची. अर्ज कुठल्याशा समितीपुढे आहे. धाकटी दुसऱ्या गावच्या कॉलेजात शिकवायला लागली. नवराबायको आठवड्यातून एकदा भेटतात, आणि ते भेटणंही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही म्हणतात. मुलांच्या रुग्णालयानं बाईंना तळमजल्यावर एक खोली दिली. दारावर पाटी आहे, आणि पाटीवर त्यांचं नाव आहे, आधी डॉक्टर लावून. त्यांनी पहिल्या ट्यूबपासून पुन्हा सुरुवात केली. आठ वर्षांचं काम दोन महिन्यांत होत नाही. रोज सकाळी सातला त्या येतात आणि कुणी उठा म्हटल्याशिवाय उठत नाहीत.

शिवणवालीला मुलगा झाला. नाळेतलं रक्त आलं. बाईंनी ट्यूबवर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली, ती थंडीत ठेवली. पण ज्याच्याशी ते ताडून पाहायचं ते उरलेलं नाही. वेगळं दूध द्यावं तर भीती, न द्यावं तर भीती. म्हणून बाळ आईच्याच दुधावर आहे, आणि आई त्याला फार वेळ झोपू देत नाही. झोपला की तासाभरानं हलवून उठवते, आणि त्याच्या मानेशी नाक नेऊन वास घेते.

बाळ गुटगुटीत आहे, सगळ्यांकडे बघून हसतं. आज ते पाच महिने नऊ दिवसांचं आहे.